बाजेवाल्या गल्लीतली पाच दारं

२७ जानेवारी, मंगळवार

माळ तुटली. जोगव्याच्या तिसऱ्या दारात. कवड्या पाटलीणबाईच्या वसरीभर उधळल्या. रांगत रांगत येचल्या. एक सापडंना. तिच्या कोंबडीवर माजा संशय हाय.

पाटलीणबाई म्हणली, "अपशकून झाला गं सोजर."
म्या म्हणलं, "दोरा चाळीस वर्साचा हाय, तुटणारच. तुज्या दाराला कशाला नाव ठिवू."

पण शेवंतानं धरलंच. देवीची गाणी गात जोगवा मागणाऱ्या आमच्या आराधी मेळ्याची ती म्होरकी, तिला निमित्तच पायजे. म्हणली, "गुडघे गेले, आता माळ बी गेली. परडी कुणाच्या हातात देणार ते चैत्री पुनवेच्या आत ठरीव. न्हायतर येडेश्वरीच्या पायऱ्यावर ठिऊन मोकळी हो."

मोकळी हो म्हणं. देवीच्या नावानं जोगवा मागायची परडी म्हंजी घरातली जादा टोपली हाय का? सासूनं माज्या हातात दिली तवा मला कुणी इचारलं न्हवतं. जोगव्याला निघाली हुती, पदर सुटला, म्हणली जरा धर. धरली ती धरली.

त्यात दगडू संबळवाला लेकाकडं सांगलीला गेला, कायमचा. मेळा आता नुसत्या तुणतुण्यावर. तुणतुण्यावर देवी नाचत न्हाय, डुलक्या घेती.

२९ जानेवारी

हे रजिस्टर मंगलच्या अंगणवाडीचं, जुनं. बालकाचे नाव, वय, वजन असले रकाने हायत. मी आडवंच लिवते, रकान्यावरनं. तिसरीतनं शाळा सुटली, अक्षर तवापासनं तेवढंच हाय, वाढलं न्हाय.

मंगल म्हंजी माजी सून. आज तिला परडीचं इचारलं. भाकरी थापीत हुती, थांबली न्हाय.

"आत्या, मी सेविका हाय. ज्या दारात जाऊन लेकरू वजनाला आणा म्हणून दटावते, फॉर्म भरून घेते, त्याच दारात परडी पुढं करून पीठ मागू?"
"ते पीठ न्हाय मंगल."
"मग काय हाय?"

काय हाय ते मला बी सांगता येईना.

राहिली नात. कोमल. धाराशिवला कॉलेजात, तीन पोरी मिळून खोली घेतली. संध्याकाळी कम्प्युटरचा क्लास. फोनवर इचारावं जेवलीस का, तर म्हणती 'डन'. जिला जेवणाला मराठी सापडंना तिला परडीचं काय इचारायचं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

माळ ओवायला धाराशिवला गेले. येरमाळ्यावरनं बस. पाटीवर धाराशिव, कंडक्टरच्या तोंडात उस्मानाबाद. येडशीजवळ माकडानं खिडकीतनं एका बाईचं केळ नेलं. बाई माकडाला शिव्या द्यायचं सोडून नवऱ्याला दिऊ लागली. बराबर हाय, माकड ऐकत न्हाय.

पटवेकरणीचं दुकान बाजेवाल्या गल्लीत. जुन्या मंडईच्या मागं. मी लगीन हून आले त्या साली गेल्ते, नंतर आजच. आसली गल्ली बघितली न्हाय बाबा. दोन्ही अंगाला बँडवाल्यांची दुकानं. पितळी कर्णे भोपळ्यावानी टांगल्यात. एक नवरदेवाचा घोडा, अंगावर आरशाची झूल, उभ्या उभ्या कोथिंबीर खातोय. भाड्याच्या शेरवान्यांचं दुकान, दारात तीन पुतळे, त्यातल्या एकाला मुंडकंच न्हाय, पण फेटा हातात दिलाय. त्याच्या म्होरं माइकवाला, दिसभर "हॅलो, हॅलो, चेक" करतोय. कुणी उत्तर देत न्हाय तरी करतोय.

पटवेकरीण हिराबाई. माळ हातात घेतली, दोरा हुंगला. म्हणली, "मावशी, पुढल्या शुक्रवारी."

मग शिवलिंगअप्पाच्या दुकानात बसले. त्याची खव्याची भट्टी दारातच. "बर्री अक्का," कानडीत या म्हणला, बाकडं पुसलं. खव्याचा गुलाबजाम, काळा, वाटीत एकच मावतोय. खाल्ला. आमच्या गावात लग्नात देत्यात त्याला गुलाबजाम म्हणायची आता लाज वाटंल.

अप्पा म्हणला, थांबा अक्का, आज शुक्रवार. शुक्रवारी दिस कलला की सगळे बँडवाले बाकडी बाहेर काढत्यात, सराव करत्यात, आन गाव ऐकायला येतंय. खरंच आलं. बाया, लेकरं, कोर्टातली माणसं काळ्या कोटासकट. भजी खायला आन वाजाप ऐकायला. सुरवातीला प्रत्येक दुकान आपलं आपलं वाजवीत हुतं, नुसता गोंधळ. मग हळूहळू एक गाणं ठरलं. कुणी ठरीवलं कळलं न्हाय.

आन मग संबळ.

माजा घास हातात. गुलाबजाम दुसरा. संबळ म्या जलमभर ऐकलंय, माणसं दणका देत्यात. ही काडी दणका देत न्हवती. पोचत हुती. आन आवाज वळखीचा. दगडूचं संबळ! त्याच्या डाव्या अंगाला पत्र्याचं ठिगळ हाय, बारीक झिणझिणतंय. आंधळी झाले तरी वळखीन.

उठले, गर्दीतनं गेले. रहीमचाचाच्या बँडच्या दारात संबळ कमरेला. संबळामागं माजी कोमल.

मी त्या मुंडक्याबिगरच्या नवरदेवाआड उभी राहिले. का ते माहीत न्हाय. शेरवानीवाला म्हणला, "मावशी, नवरदेव पाडचाल." तेवढ्यानं तिनं बघितलं. वाजवायची मातर थांबली न्हाय. तुकडा पुरा केला, मग आली.

"आजी? तू इथं?"
"माळ ओवायला. तू?"
"क्लास..."
"ह्योच का कम्प्युटर?"

चाचा पोट धरून हसला. पांढरी दाढी, क्लॅरनेट वाजीवतो, बँडाचा मालक. म्हणला, "बैठो आपा. तुमची नात हाय? अवं हिच्या हातात घड्याळ हाय घड्याळ."

कोमलनं सांगितलं मग. दगडू जाताना संबळ चाचाच्या दुकानी ठिऊन गेला, कुणी घेतलं तर बघा म्हणून. हिनं जाता येता टांगलेलं बघितलं. ल्हान असताना दगडू आमच्या वट्यावर वाजवायचा तवा ही पिठाचा डबा घिऊन त्याच्यासमोर बडवायची. ते मी इसरले हुते. डबा चेपला तेवढं ध्यानात हाय. दिवाळीपास्नं शुक्रवारी शुक्रवारी येती. क्लास बी करती, बाकीचे दिस.

"आईला सांगू नको आजी."

बसमधी बसले तवा हात मांडीवर वाजत हुते. शेजारची बाई जरा सरकून बसली.

८ फेब्रुवारी

मंगलला सांगितलं न्हाय. खोटं बोलले न्हाय. तिनं इचारलंच न्हाय.

हौदावर घागर भरताना बोटं चालली. शेवंता म्हणली, "आज लई खुशीत?" म्या म्हणलं गुडघा ठणकायचा थांबलाय. गुडघा ठणकत हुता.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

माळ तयार हुती. लई चांगली ओवली हिराबाईनं, गच्च, दोरा तांबडा. म्या फिरवून फिरवून बघितली. म्हणलं, "ह्या दोन कवड्या उलट्या बसल्यात."
"कुठं मावशी?"
"ह्या काय."
"मावशी, कवडीला उलटं सुलटं दोनीकडनं दिसतंय."
"मला एकीकडनं दिसतंय. उसव."

उसवली. पुढल्या शुक्रवारी म्हणली. बरं झालं. मी लगीच चाचाच्या दुकानी.

कोमलनं संबळ ओढणीवर बांधलेलं. घसरतंय, ही वाजवता वाजवता कोपरानं वर ढकलती. म्या म्हणलं असं बांधत्यात का? बँडाचे कपडे शिवणारा शिंपी हाय तिथंच, त्याच्याकडनं रुंद नवारीचा पट्टा करून घेतला. तो म्हणला सोनेरी किनार लावू का. लाव म्हणलं, लग्नातल्या पोरांना लावतूस तर माज्या नातीला का न्हाय. म्याच मागनं गाठ मारली. आमची गाठ येगळी, तीन येढं आन एक खोचणी. सुटत न्हाय.

मग चाचा म्हणला, आपा तुमी आराधी हायसा, एक गाणं हून जाऊ द्या. माज्या तोंडाला काय कुलूप हाय? उभी राहिले. क्लॅरनेट घिऊन चाचा घोटाळला. एकदा खाली गेला, एकदा वर.

"आपा, सूर कोणता तुमचा?"
"माजाच."

सगळी गल्ली हसली. चाचानं क्लॅरनेट मांडीवर ठिवलं, म्हणला, "मग मी ऐकतो नुसतं." संबळावर कोमल आन गळ्यावर मी. पोरगी चुकली न्हाय. मी एका ठिकाणी मुद्दाम चाल मोडली, बघावं म्हणून. तिनं धरली. दगडू धरीत नसायचा, भांडायचा.

माइकवाल्यानं मधीच माज्या तोंडापुढं माइक आणला. ढकलला. मला काय झालंय.

शिवलिंगअप्पानं गुलाबजाम पाठवला. दोन.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

रोजे चालू. चाचाचं शटर अर्धं खाली. महिनाभर सराव न्हाय. माहीत हुतं तरी गेले. हिराबाईला सांगितलं गाठी जाड झाल्यात. ती माज्याकडं बघतच राहिली.

गल्ली गप असली की घोडा बी उदास दिसतोय. कोमल खरंच क्लासला हुती. चाचा पायरीवर बसलेला, म्हणला, "आपा, ईद हू द्या. मग बघा." येताना खजूर दिले. बसमधी एक खाल्ला, बाकीचे पदरात बांधून आणले. मंगलनं कुठले म्हणून इचारलं. म्हणलं वाटेत मिळाले.

३ मार्च, मंगळवार

शेवंतानं मेळ्याला संबळ आणलं. म्हंजी संबळ न्हाय. कळंबचा एक मास्तर आणलाय, त्याच्याकडं प्लास्टिकच्या पाट्या, आन वायर. एक पाटी ठोकली की संबळ, दुसरी ठोकली की ढोलकी. एक चुकून ठोकली तर कुत्रं भुकलं. खरं कुत्रं उठून बघाया लागलं.

शेवंता म्हणली, "यंदा पुनवेला हेच. जमाना बदललाय सोजर."
म्या म्हणलं, "आन लाइट गेल्यावर?"
"जनरेटर हाय."
"मग जनरेटरलाच उदो उदो म्हणा."

बाकीच्या बाया पदरात हसल्या. शेवंता तापली. म्हणली परडीचं बघ आदी. पुनव महिन्यावर आली.

आली खरी.

१९ मार्च, पाडवा

कोमल घरी. गुढीला साखरेची माळ बांधायला हात वर केला आन मंगलला तिची बोटं दिसली. आंगठ्याच्या बगलंला घट्टा, एक फोड फुटलेला.

"काय गं हे?"
"कीबोर्ड."
"कीबोर्डनं फोड येत्यात?"
म्या म्हणलं, "येत असतील. नवीन मशीन आसंल."

मंगलनं दोघींकडं बघितलं. माजी सून शाणी हाय, हेच तिचं वाईट.

जाताना कोमलला म्या आडून इचारलं. परडीचं. पयल्यांदा आन शेवटचं, पुन्हा इचारणार न्हाय म्हणलं.
ती म्हणली, "आजी, मला मागता येत न्हाय. मला वाजवता येतं."

बरं म्हणलं. राग आला न्हाय. रागवावं आसं तिनं काय बोललंच न्हाय.

२७ मार्च, शुक्रवार

सगळं लिवून ठिवते. उद्या कुणी इचारलं तर.

ईद हून आठवडा झाला. गल्लीत पुन्हा बाकडी निघणार म्हणून गेले. माळ परडीत घालून न्यायची अस्ती म्हणून परडी पिशवीत. हिराबाईनं मला लांबनं बघितलं आन माळ हातात घिऊन उभीच राहिली. म्या तोंड उघडायच्या आत म्हणली, "मावशी, दोन येळा उसवली. आता पुनवेची गर्दी हाय मला." आन सरळ मागनं येऊन माळ माज्या गळ्यात घातली.

घातली!

तिला काय माहीत. आमच्या सासूची रीत हाय: नवी माळ गळ्यात पडली की दिस मावळायच्या आत पाच दारं मागायची, त्याबिगर पाणी प्यायचं न्हाय. मी ती घरी जाऊन घालणार हुते, गावातली दारं मागणार हुते. आता दिस कासराभर राहिलेला, गाव पन्नास कोस वाटावं तेवढं लांब, उजेडात पोचवणारी बस सुटलेली.

हिराबाई म्हणली, "काढा मग."
"गळ्यात पडलेली काढत न्हायत."

चपला तिच्याच दारात काढल्या. परडी पिशवीतनं काढली, हळदकुंकू लावलं. आन म्हणलं, "माय, जोगवा." पयलं दार तिचंच. ती रडवेली झाली, आत जाऊन मूठभर ज्वारीचं पीठ आन मीठ आणलं.

दुसरं शिवलिंगअप्पाचं. अप्पा भट्टीवरनं उठला, हात धुतले, डोक्यावर टोपी ठिवली, खव्याचा गोळा घातला. शाणा माणूस.

तिसरं शेरवानीवाल्याचं. त्याची पंचाईत. "मावशी, पीठ कुठलं इथं? घर तिकडं जुन्या पेठंत." म्या परडी धरून उभी. दारात आलेली परडी रिकामी जात न्हाय, येवढं त्याला बी ठावं हुतं. दुकानभर बघितलं, नवरदेवाच्या कोटाचं एक सोनेरी बटण तोडलं, घातलं. हात जोडले.

चौथं माइकवाल्याचं. तो "हॅलो चेक" म्हणता म्हणता थांबला. त्यानं घड्याळात घालायचा सेल घातला. "चालू हाय मावशी, नवा हाय, तपासून देतो," म्हणला. देवाला तपासून देणारा म्या पयला माणूस बघितला.

आता पाचवं. ऊन घोड्याच्या पाठीवर आलेलं. चाचाचं दार. चाचा नमाजाला गेलेला. उंबऱ्यावर कोमल एकटी, संबळ कमरेला, दोन काड्या हातात. एक सरळ, एक टोकाला वाकडी.

म्या दुसऱ्या दाराकडं वळले. नातीकडं जोगवा मागायचा का न्हाय, ते सासूनं कधी सांगितलं न्हाय. पण कोमल म्हणली, "आजी, इथं न्हाय मागणार?"

"दार तुजं हाय का?"
तिनं कमरेचं संबळ सावरलं. मग म्हणली, "शुक्रवारी असतंय."

परडी पुढं केली. "माय, जोगवा." नातीला माय म्हणले.

तिनं आजूबाजूला बघितलं. आत बघितलं. मग वाकडी काडी परडीत ठिवली. टाकली न्हाय. ठिवली.

मी म्हणलं, "हे काय केलंस? परडीत पडलेलं परत देत न्हायत. बटण बी न्हाय, सेल बी न्हाय."
"माहीत हाय."
"आता वाजवशील कशानं?"
"परडी पुनवेला येडेश्वरीला येणार न्हव का. मी तिथं येते. परडीपुढं वाजवते. काडी परडीचीच राहील, हात माजा."

दिस मावळला तवा मी अप्पाच्या बाकड्यावर पाणी पीत हुते. चाचा आला, कळल्यावर म्हणला, "आपा, दुकानातली काडी गेली माजी." मग म्हणला, "आमची अम्मी मंगळवारी घालायची जोगवा, ल्हानपणी बघितलंय. दार बंद राहिलं न्हाय, बरं झालं." आन शटरावर टांगलेली दुसरी जोडी काढून तिला दिली, सरावापुरती. आज मी गायले न्हाय. ऐकलं नुसतं. गल्लीतली कोर्टवाली माणसं म्हणत हुती, ही पोरगी कुणाची. म्या सांगितलं. पाच जणांना सांगितलं. सहाव्यानं इचारलं न्हवतं, त्याला बी सांगितलं.

शेवटल्या बसच्या आदलीनं आले.

२८ मार्च

आलं ते घरात लागलं पायजे. पीठ भाकरीत. खवा गोड करून सगळ्यांना. बटण माज्या झंपरला लावलं, वरचं, गेल्या दिवाळीपास्नं पिन हुती. सेल भिंतीवरच्या घड्याळात. दोन वर्सं बंद हुतं. चालू झालं. आता मंगल तेवढ्यावरनं मला येळ सांगती.

काडी परडीतच.

मंगलनं देव्हारा पुसताना बघितली. "ही कुणाची?"
"तुज्या लेकीची."

सगळं सांगितलं मग. संबळ, शुक्रवार, क्लास, पुनव. ती ऐकत हुती, फडकं हातात. झाल्यावर म्हणली, "सगळ्या गल्लीला माहीत. आईला न्हाय."

म्या तिच्या हातातलं फडकं घेतलं, राहिलेला देव्हारा म्याच पुसला.

३० मार्च

मंगल बोलत न्हाय. म्हंजी "आत्या, च्या" येवढं बोलती. पुनवेला तिची ड्युटी लागलीय, गडाच्या पायथ्याला, पाण्याच्या आन औषधाच्या मांडवात. "मी तिकडंच असणार, मेळ्याकडं फिरकणार न्हाय," म्हणली. मला न्हाय, घड्याळाला सांगितल्यासारखं.

शेवंताकडं गेले. म्हणलं, पुनवेला संबळ माजी नात वाजवणार.
"बाईच्या कमरेला संबळ कधी बघितलंस का?"
"काडी परडीत पडलीय."
"मग?"
"मग तूच सांग. रीत तुला पाठ हाय ना? परडीत पडलेलं मागं सारायचं का?"

शेवंता लई येळ तंबाकू मळत राहिली. म्हणली, "मास्तरला शब्द दिलाय."
"मास्तरला बी आण. कुत्रं लागलं तर वाजवील."

२ एप्रिल, गुरुवार. पुनव.

पहाटंच मंगल ड्युटीला गेली. ड्युटीची साडी, गळ्यात ओळखपत्र.

आमी टेम्पोनं. येडेश्वरीच्या गडाला पाय ठिवायला जागा न्हाय. मेळा लिंबाखाली. मास्तरनं पाट्या मांडलेल्या, वायर जनरेटरला पुरंना, तिला दुसरी वायर शोधत हुता. मी परडी धरून रस्त्याकडं डोळं लावून. नऊ वाजले. शेवंता माज्याकडं बघून बघंना. साडेनऊ.

आली. फाट्यावर उतरून चालत, संबळ फडक्यात बांधून खांद्यावर. संगं चाचा! क्लॅरनेट बगलंत. म्हणला, "सूर सापडतोय का बघाया आलो आपा."

मेळ्यातल्या बाया जवळ सरकल्या. एक म्हणली, "पोरगी?" शेवंता म्हणली, "परडीचं हाय ते. बघू." येवढं म्हणली. तेवढं म्हणायला तिला काय पडलं आसंल ते मलाच माहीत.

कोमलनं परडीतली काडी घेतली, कपाळाला लावली. पट्टा बांधाया लागली तर मागची गाठ तिला येईना. ती माज्याच हातची. माजे दोन्ही हात पायजेत. परडी भुईला टेकवायची न्हाय. वळून बघितलं तर मागं मंगल. पाण्याचा मांडव सोडून आलेली, हातात साखर-मिठाच्या पाण्याच्या पुड्या. भांडाया आलती का बघाया, म्या इचारलं न्हाय.

"जरा धर," म्हणलं.

तिनं पुड्या काखंत मारल्या आन धरली.

गाठ बांधली. तीन येढं, एक खोचणी. जरा येळ लावला.

मग पोरीनं जी पयली काडी मारली! शेवंताच्या हातातली झांज तिला न इचारता वाजली. मी गायले. चाचाला तिसऱ्या कडव्याला सूर सापडला, तवा तो नाचलाच, दाढीसकट. मास्तरनं वायर गुंडाळली, मोबाइल काढला, शूटिंग कराया लागला. लोक थांबले. वरनं उतरणारे थांबले, खालनं चढणारे थांबले, पायरीवर कोंडी झाली. पोलीस म्हणला चला चला, आन सोता उभा राहिला. ही सोजरची नात, मी गाता गाता दोन कडव्यांच्या मधी सांगत हुते. एका बाईला तीनदा सांगितलं, तिला ऐकू येत न्हाय.

मंगल तिथंच उभी. लेकीकडं बघत. डोळ्याला पदर लावता येईना, हात परडीत गुतलेले.

आन तवाच गावातली ती सुनंदा आली. मंगलच्याच अंगणवाडीत तिचं लेकरू, काखंत हुतं. तिनं परडी बघितली, दुसरं काय बघितलं न्हाय. साडी न्हाय, ओळखपत्र न्हाय. पिशवीतनं मूठभर पीठ काढलं, परडीत घातलं, मंगलच्या पायाला हात लावला. लेकराचं डोकं बी टेकवलं. म्हणली, "ताई, ह्याचं वजन वाढू द्या." आन गेली गर्दीत.

मंगलनं माज्याकडं बघितलं.

मी चाल धरली, दुसरीकडं बघितलं.

येताना टेम्पोत परडी तिच्या मांडीवर. कोमल तिच्या खांद्यावर झोपलेली, संबळ पायात. मी मागितली न्हाय. तिनं दिली न्हाय. घरी आल्यावर देव्हाऱ्यात बी ठिवली न्हाय. तिच्या रजिस्टरांशेजारी फळीवर ठिवलीय. पीठ तसंच हाय आत. काडी बी.

उद्या शुक्रवार. पालखी बी उद्याच, जोगवा बी उद्याच.

मंगल घड्याळाकडं बघून म्हणली, "आत्या, सकाळी किती वाजता निघत्यात?"
म्या म्हणलं, "सहाला. पण माजे गुडघे लई दुखत्यात. मी काय लवकर उठायची न्हाय."